गेइशाचं जुनं चित्र घ्यायचंय: ठशाचं, फोटो की पोस्टकार्ड?

जुन्या जपानी वस्तूंच्या बाजारात ‘गेइशा’ (नृत्य-संगीताने पाहुण्यांचं मनोरंजन करणारी जपानी कलावंत) एवढ्या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात: एदो-मेइजी काळातली (1603–1912) लाकडी ठशांची चित्रं, विसाव्या शतकातली शिन-हांगा म्हणजे नव्या धाटणीची ठशांची चित्रं, योकोहामा बंदरातल्या स्टुडिओंतले हाताने रंगवलेले फोटो आणि पोस्टकार्डं. पडद्यावर चारही सारखीच देखणी दिसतात. विकत घेताना मात्र तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: वस्तू भिंतीवर लावायची की कपाटात ठेवायची, चित्रातली बाई खरोखर गेइशा असायला हवी का, आणि खिशाला किती झेपतं.

मधला प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. उतामारो (मृत्यू 1806) किंवा एइसेन या ठशांच्या चित्रकारांच्या चित्रांतल्या कितीतरी सुंदऱ्या गेइशा नाहीत, त्या योशिवारा या एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) गणिकांच्या वस्तीतल्या ओइरान, म्हणजे वरच्या दर्जाच्या गणिका आहेत. ओबीची, म्हणजे किमोनोच्या रुंद कमरपट्ट्याची, गाठ पोटावर, डोक्यात चहूबाजूंनी खोवलेले कंगवे आणि काटे, उंच पादत्राणांत अनवाणी पावलं असली तर ती ओइरान. गेइशाची गाठ पाठीवर असते, केसांत मोजकेच दागिने असतात आणि जवळपास शामिसेन (तीन तारांचं वाद्य) किंवा त्याची पेटी दिसते. विक्रेते दोघींनाही बिनदिक्कत गेइशा म्हणतात.

फोटोंची गंमत आणखी वेगळी. योकोहामाच्या स्टुडिओंत परदेशी प्रवाशांसाठी जे फोटो निघाले, त्यांत पैसे देऊन बसवलेल्या मॉडेल पुष्कळ. छायाचित्रकार कुसाकाबे किंबेइचा वादळी पावसातला, छत्री सावरणाऱ्या मुलीचा फोटो स्टुडिओतच काढलेला आहे. पावसाच्या रेघा निगेटिव्हवर ओरखडून उमटवल्या आहेत. खरी, नावानिशी ओळखता येणारी गेइशा हवी असेल तर पोस्टकार्डांकडे वळा. टोकियोतल्या आकासाकाची मानऱ्यू किंवा पुढे क्योतोच्या गिओ-जी मठात भिक्षुणी झालेली तेरुहा, यांची कार्डं आजही मिळतात. किंवा ओगावा काझुमासाची छायाचित्रं पाहा. 1891 मध्ये असाकुसातल्या र्योउन्काकू मनोऱ्यात त्याने काढलेले टोकियोच्या शंभर गेइशांचे फोटो लावून प्रेक्षकांकडून कौल घेतला गेला. मनोऱ्याची लिफ्ट बंद झाली होती, तेव्हा लोकांनी जिने चढावेत म्हणून केलेली ही युक्ती!

आता ठशांच्या चित्रांकडे. चेरीच्या लाकडावर कोरलेले ठसे, प्रत्येक रंगाला बहुधा वेगळा ठसा, कोझो या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद आणि मागून ‘बारेन’ या गोल चकतीने घासून उठवलेली छाप. नेहमीचा आकार ओबान, साधारण 39 × 26 सेंमी. उतामारोचं मूळ, चांगल्या स्थितीतलं चित्र सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. स्वस्तात ‘उतामारो’ मिळत असेल तर ती बहुधा नंतरच्या काळातली प्रतिकृती. तीही हाताने कोरलेली आणि सुरेख असू शकते, फक्त किंमत प्रतिकृतीचीच द्यावी. सुरुवात करणाऱ्याला कुनिसादा (1786–1865) आणि चिकानोबू (1838–1912) हे चित्रकार बरे पडतात. त्यांची चित्रं भरपूर निघाली, म्हणून अस्सल प्रतीही परवडतात.

मेइजी काळातल्या (1868–1912) चित्राचा एक मोठा फायदा म्हणजे 1875 पासून प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख छापणं बंधनकारक झालं. हा मजकूर बहुधा समासात असतो. मेइजी वर्षात 1867 मिळवले की इसवी सन मिळतो; मेइजी 21 म्हणजे 1888. म्हणूनच समास कापलेलं चित्र स्वस्त असलं तरी विचार करून घ्या, कारण कापताना त्याचा जन्मदाखलाच गेलेला असतो. त्याआधीच्या चित्रांवर सेन्सॉरचे शिक्के कामी येतात: 1791 ते 1842 ‘किवामे’ (तपासून मंजूर) हा छोटा गोल शिक्का, 1847 ते 1852 दोन अधिकाऱ्यांचे जोडशिक्के.

रंगांतूनही काळ कळतो. कुसुंब्यापासूनचा गुलाबी आणि त्सुयुकुसा फुलाचा निळा प्रकाशात उडतात. निळ्याचा तर मातकट पिवळा होतो. 1830 च्या सुमारास सर्रास झालेला प्रशियन निळा मात्र टिकतो. भडक लाल-जांभळे ॲनिलिन (कृत्रिम रासायनिक) रंग दिसले तर चित्र 1860 च्या दशकाच्या अलीकडचं. तीन पानी चित्रातलं एकच पान विकायला ठेवलं असेल तर रचना कडेला अर्धवट तुटते. तेही पाहून घ्या.

शिन-हांगा भिंतीसाठी सर्वांत उजवं. प्रकाशक वातानाबे शोझाबुरोने इतो शिन्सुई (1898–1972) वगैरे चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली आणि कोरणारे, छापणारे निष्णात कारागीर लावले. कागद जाड, रंगांच्या छटा हळुवार, आणि वय कमी म्हणून स्थितीही चांगली. घोळ होतो तो आवृत्त्यांचा. 1 सप्टेंबर 1923 च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे ठसे आणि शिल्लक प्रती जळाल्या, म्हणून त्याआधीच्या छापा दुर्मिळ. नंतरच्या ठशांवरून काही चित्रं कलाकाराच्या मृत्यूनंतरही छापली गेली. प्रकाशकाचा शिक्का नेमका कोणत्या वर्षांतला, हे विक्रेत्याला लेखी विचारा. केवळ सजावटीसाठी हवं असेल तर नंतरची छाप घ्यायला आमची अजिबात हरकत नाही.

योकोहामाचे फोटो अल्ब्युमिन कागदावरचे: अंड्याच्या पांढऱ्याचा थर, त्यावर चांदीचे क्षार, छपाईनंतर जलरंगांनी रंगकाम. कागद इतका पातळ की पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागतो. उजळ भाग पिवळे पडून चेहऱ्याचे बारकावे गेले असतील तर सोडून द्या. ते परत येत नाहीत. फोटोग्राफरच्या नावावर जास्त पैसे मोजू नका. स्टुडिओ हस्तांतरित होत आणि निगेटिव्हही त्यासोबत जात. छायाचित्रकार बेआतोचा स्टुडिओ 1877 मध्ये श्टिलफ्रीड या दुसऱ्या छायाचित्रकाराकडे गेला, त्यामुळे एकच दृश्य दोन-तीन नावांनी फिरतं.

पोस्टकार्डांची तारीख मागच्या बाजूने कळते. पत्त्याची बाजू अखंड असेल तर 1900 ते 1907. एक तृतीयांशावर रेघ असेल तर 1907 ते 1918. मधोमध रेघ असेल तर त्यानंतरचं. ‘हागाकी’ (पोस्टकार्ड) या छापील शब्दातल्या ‘का’च्या खांद्यावर दोन चिमुकल्या रेघा असतील तर कार्ड 1933 नंतरचं. साधी कार्डं काही डॉलरना मिळतात, त्यामुळे चूक झाली तरी महागात पडत नाही. नवख्याने दहा-बारा कार्डांवर डोळा तयार करावा आणि मगच ठशाच्या चित्राला हात घालावा, असं आमचं मत.

दहापट भिंग जवळ हवंच. रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली तर ऑफसेट छपाई, विषय संपला. सुरकुतलेलं बारीक जाळं म्हणजे कोलोटाइप, फोटोवरून शाईने केलेली छपाई. पोस्टकार्डावर ते अपेक्षित आहे, ‘अल्ब्युमिन फोटो’ म्हणून विकलेल्या वस्तूवर नाही. अल्ब्युमिनमध्ये दाणा नसतो आणि चकाकीखाली कागदाचे तंतू दिसतात. ठशाच्या चित्रात रंग कागदात मुरलेला असतो. उलट बाजूला तो झिरपलेला आणि बारेनच्या गोलसर घासण्याच्या खुणा दिसतात. म्हणून मागच्या बाजूचा आणि तिरक्या उजेडातला फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका. मागे दुसरा कागद डकवलेला असेल तर किडीची भोकं आणि फाटलेल्या जागा त्याखाली दडलेल्या असू शकतात.

मुंबई-कोकणच्या हवेत चौघांचाही पहिला शत्रू पावसाळा. बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका. ओल मागून येते. चित्र काचेला चिकटता कामा नये, मध्ये आम्लविरहित माउंट हवा. चिकटवायला सेलोटेप नाही, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही फक्त वरच्या कडेला. ठशाचं चित्र काही महिने लावून मग अंधारात विश्रांतीला ठेवा; प्रकाश 50 लक्सच्या आत. अल्ब्युमिन फोटो मात्र पेटीतच बरे, आणि जून ते सप्टेंबर त्या पेटीत सिलिका जेल दर पंधरवड्याला वाळवून ठेवावं.