उजळत्या तलवारीच्या मुठीत काय घालावं: वायरिंगचा पाइप, थ्रीडी प्रिंट की चकत्या?

तलवार दुसऱ्या प्रवेशात विझली. पात्यातली एलईडी पट्टी शाबूत होती, सर्किटही शाबूत होतं. जोरात वार केला की मुठीतला सेल जरासा मागं सरकायचा आणि स्प्रिंगचा टेकू सुटायचा, एवढंच. इंदूरच्या रामबागेतल्या गणेशोत्सवात आमचं बालनाट्य होतं. अकरा वर्षांची नायिका विझलेली तलवार घेऊन शेवटपर्यंत नेटानं लढली. त्या मुठीत सांगाडा, म्हणजे सेल आणि सर्किट जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट, नव्हता. वायरी, सेल आणि सर्किट फोमच्या तुकड्यात गुंडाळून कोंबलेलं होतं, आणि ते काम माझं होतं.

त्यानंतर मी तिन्ही तऱ्हांचे सांगाडे केले. तुम्ही पहिली तलवार करायला घेतली असेल, तर आधी सांगाडा ठरवा. मुठीच्या पाइपचा आतला व्यास त्यावरच ठरतो, आणि पाइप घेऊन झाल्यावर तो बदलता येत नाही.

काय काय बसवायचंय ते बघा. 18650 सेल, म्हणजे चार्ज होणारा लिथियम सेल, 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब असतो. आत संरक्षण सर्किट असलेला सेल घेतला, तर लांबी 68 ते 70 पर्यंत जाते. मुलांच्या हातात द्यायची तलवार असेल तर तोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आर्डुइनो नॅनो, म्हणजे तलवार चालवणारा छोटा कंट्रोल बोर्ड, 45 बाय 18 मिमी, आवाजाचं छोटं मॉड्यूल साधारण 20 बाय 20. शिवाय हालचाल ओळखणारा सेन्सर, स्पीकर आणि बटण. इथं बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा सेल-होल्डर 21 मिमी रुंद आणि 20 मिमीच्या आसपास उंच असतो. 28 मिमी पोकळीत तो आरामात जाईल असं वाटतं. पण चौकोन गोलात घालताना कर्ण मोजायचा असतो, आणि तो येतो 29. होल्डर तोंडाशीच अडतो.

पहिला पर्याय घरच्या वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा. 25 मिमीच्या पाइपात आत साधारण 21 ते 22 मिमी जागा मिळते, म्हणजे सेल होल्डरशिवाय थेट बसतो. मूठ 32 मिमीच्या पाइपची केली की 25 चा पाइप तिच्यात सरकतो. मधली फट भरायला दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेपचे दहाबारा वेढे द्यायचे आणि बसवून बघत एकेक कमी करायचा. दोन्ही टोकांना बोटभर अख्खी कडी ठेवून मधला भाग लांबीत अर्धा कापा. झाली पन्हळ. तिच्यात नॅनो वरून ठेवता येतो, वायरी डोळ्यांना दिसतात, सोल्डर सुटलं तर तिथल्या तिथं परत करता येतं. घरी वायरिंग झालेलं असेल तर तुकडा माळ्यावर पडलेला असतो. नसेल तर इंदूरच्या सियागंजात किंवा महाराणी रोडला मिळतो.

याचे तोटेही आहेत. सर्किट बसवायला सपाट जागा नाही, त्यामुळे सेन्सर दुहेरी टेपवर राहतो आणि टेप उन्हाळ्यात सैल पडते. सेन्सर हलला की तलवार स्थिर धरली तरी वाराचा आवाज येतो. उपाय म्हणजे आइस्क्रीमच्या काडीची पट्टी पन्हळीत आडवी चिकटवून सेन्सर तिच्यावर स्क्रूनं बसवणं. आणि एक कळकळीची विनंती: भोकं पाडायला तापलेलं सोल्डरिंग आयर्न वापरू नका. पीव्हीसी जळताना निघणारा वायू छातीला बाधतो. ड्रिल नाहीतर कानस वापरा.

दुसरा पर्याय थ्रीडी प्रिंट. सुबकपणात याला तोड नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची खाच, बटणाला बैठक, वायरींना वाट, स्पीकरमागं पोकळी. सेन्सर असा घट्ट बसतो की आवाज अचूक येतो. पण खाच वस्तू बघून केलेली असते, त्यामुळे वस्तू बदलली की सांगाडा वाया. 65 मिमीच्या सेलसाठी आखलेल्या खाचेत 69 चा सेल जात नाही, आणि कानसीनं चार मिलिमीटर वाढवायला गेलं की भिंत तुटते. म्हणून सगळं सामान हातात आल्यावर, व्हर्निअरनं मोजून, मगच छपाईची कॉम्प्युटर फाइल तयार करा. पाइपात सरकायला दोन्ही बाजूंना 0.3 ते 0.5 मिमी मोकळीक ठेवा. छपाई आडवी करायला सांगा. उभी छापली तर थर आडवे पडतात आणि बारीक दांड्या थरावरच मोडतात.

इंदूरकरांनी मालाचाही विचार करावा. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक साधारण 60 अंशांना नरम पडू लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक 80 च्या आसपास तग धरतं, तेच मागा.

तिसरा पर्याय चकत्यांचा: 3 मिमी ॲक्रिलिकच्या गोल चकत्या, त्यांतून ओवलेल्या दोन-तीन आट्यांच्या सळया आणि नट. नेमप्लेट करणारे लेझरवर चकत्या कापून देतात. नट फिरवून अंतर कमी-जास्त करता येतं, हे याचं खरं बळ. सेल बदलला तरी सांगाडा तोच राहतो. पारदर्शक मुठीतून तर फारच देखणा दिसतो. मात्र सळया लोखंडी असतात. सोललेली वायर दोन ठिकाणी टेकली की शॉर्ट सर्किट, आणि लिथियम सेलचं शॉर्ट सर्किट म्हणजे आगीशी गाठ. प्रत्येक सळईवर हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी चढवल्याशिवाय सेल आत घालू नका. भोक कडेच्या फार जवळ घेतलं तर आपटल्यावर ॲक्रिलिक तडकतं. शोकेसमधल्या तलवारीसाठी मी हाच निवडीन, लढाईसाठी नाही.

वायरीची जाडी मात्र तिन्हींत सारखीच लागते, आणि तिच्यासाठी जागा आधीच सोडावी लागते. ती ठरते पात्यातल्या एलईडी किती करंट ओढतात त्यावर. 80 सेंमी पात्यात मीटरला 144 एलईडीच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून घातल्या तर 230 एलईडी होतात. पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येकी 60 मिलिअँपिअर धरले, तर कागदावर जवळजवळ 14 अँपिअर. एका सेलवर हे ओझं टाकू नये. नुसता निळा ठेवलात तर तिसऱ्या हिश्श्यात काम भागतं.

म्हणून पहिल्या तलवारीला मी वायरिंगचाच पाइप घ्यायला सांगेन. पहिल्या तलवारीत बटणाची जागा एकदा तरी बदलते, स्पीकर लहान-मोठा होतो, वायर कमी पडते; पाइपाची पन्हळ हे सगळं सोसते. ती एका प्रयोगात नीट चालली की तिचीच मापं घेऊन दुसरीचा सांगाडा प्रिंट करा. तलवारी आठ-दहा करायच्या असतील, तर प्रिंटशिवाय गत्यंतर नाही.

खरेदीला जाताना सेल खिशात ठेवा. दुकानातच पाइपात घालून बघा, आणि पाइप उलटा केल्यावर तो सहज बाहेर घसरतो का तेही बघा. प्रयोगाच्या मध्यंतरात सेल बदलायची वेळ येते, तेव्हा विंगेत पक्कड सापडत नाही.