विक्शनरीतलं ‘*रौदझ्’चं पान: काही महिन्यांच्या वापरानंतर

जर्मन शिकायला लागल्यापासून विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशातला पुनर्रचित शब्दांचा विभाग मी सतत उघडते, आणि त्यात सर्वांत जास्त रमले ते ‘*रौदझ्’ या पानावर. ‘लाल’ या अर्थाचं हे आदि-जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या समान पूर्वज भाषेतलं, विशेषण. ते लिहिलेलं कुठेच सापडत नाही. वंशज भाषांतली रूपं ताडून मांडलेलं आहे, म्हणून आधी तारका.

या पानाचं खरं धन म्हणजे वंशजांची यादी. नॉर्स (जुनी स्कँडिनेव्हियन भाषा) ‘रौध्र’, जुनी इंग्रजी ‘रेआद’, जुनी जर्मन ‘रोट’, त्यांच्याखाली आजच्या भाषा. ही यादी नुसती वाचू नका, आडवी-उभी ताडून पाहा. शेवटच्या ‘झ्’चा गॉथिक या आता लुप्त झालेल्या भाषेत ‘स’ झाला, नॉर्समध्ये ‘र’, आणि पश्चिमेकडे, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेत, तो गळूनच गेला. ‘औ’चं तर आणखी सुंदर आहे. जर्मनमध्ये त्याचा ‘ओ’ झाला, पण तो दंत्य व्यंजनं, ‘ह’ आणि ‘र’ यांच्या आधीच. म्हणून ‘रोट’ म्हणतात, झाडाला मात्र ‘बाउम’. हे कळल्यापासून जर्मन शब्द पाठ करणं मला सोपं जातंय. इंग्रजीतला दीर्घ स्वर पुढे ऱ्हस्व होऊन ‘रेड’ झाला. ‘रीड’ या आडनावात तो अजून दीर्घच आहे.

व्युत्पत्तीचा भाग सावकाश वाचावा. तिथे आपलं ‘रुधिर’ भेटतं आणि मन हरखतं. पण ‘रुधिर’, ग्रीक ‘एरुथ्रोस’ आणि लॅटिन ‘रुबेर’ ही ‘र’ प्रत्यय लागलेली, धातूतला स्वर आखूड झालेली रूपं. ‘*रौदझ्’मध्ये स्वर पूर्ण आहे आणि तो प्रत्यय नाही. मूळ धातू एक, तरी ही चुलत भावंडं; ‘रुधिर’पासून ‘रेड’ आलं असं कृपया कुणाला सांगू नका.

रूपांचा तक्ताही कामाचा आहे. जर्मनमध्ये ‘रोटर वाइन’ (लाल वाइन) पण आधी ‘देअर’ हे उपपद आलं की ‘देअर रोटं वाइन’ असं का, याचं मूळ विशेषणाच्या सबळ आणि दुर्बळ अशा दोन रूपमालांत आहे. मात्र तक्त्यातलं प्रत्येक रूप अनुमानित आहे, हे वाचताना विसरायला होतं.

इथलं पान कुणीही संपादित करू शकतं, त्यामुळे मी पडताळणीसाठी गुस क्रोनन यांचा २०१३चा आदि-जर्मानिक व्युत्पत्तिकोश पाहते. त्यात शोधताना प्रत्यय काढून ‘*रौद-’ असं नुसतं अंग शोधा.