पहिलं मॅन्डोलिन: ए घाट की एफ घाट?

शिकायला पहिलं मॅन्डोलिन घेताना डोळा एफ घाटावर जातो. खांद्यापाशी गोगलगाईसारखं वळलेलं लाकूड, कडेची टोकं, सगळंच देखणं. त्याच्या शेजारी थेंबाच्या आकाराचा ए घाट अगदी साधा वाटतो. माझं मत तरीही ए घाटालाच. ते वळण घडवायला पुष्कळ मेहनत लागते, किंमत तिथेच चढते आणि आवाजात मात्र फारसा फरक पडत नाही. तेवढ्याच पैशात ए घाटाचं वाद्य लाकडाने आणि कारागिरीने सरस मिळतं. एफ घाटाला गळ्यातला पट्टा सोयीने अडकतो, हे मात्र खरं.

आवाज खरा बदलतो तो वरच्या फळीतल्या छिद्रांमुळे. व्हायोलिनसारखी लांबट छिद्रं गिब्सन या अमेरिकी कंपनीने 1922 साली एफ-5 या मॅन्डोलिनला दिली. त्यांचा आवाज टोकदार, इतर वाद्यांच्या गर्दीतूनही ऐकू येणारा. अमेरिकी वादक बिल मन्रो यांचं ब्लूग्रास, म्हणजे तिकडचं एक लोकवळणाचं संगीत, अशाच 1923 च्या एफ-5 वर घडलं. लंबगोल छिद्राचा आवाज गोल असतो आणि जास्त रेंगाळतो. एकट्याने बसून धून वाजवायची असेल तर मला तो जवळचा वाटतो. ए घाटात दोन्ही प्रकार मिळतात.

फुगीर पाठीचं जुनं नेपल्स वळणाचं मॅन्डोलिन गोड वाजतं, पण मांडीवरून घसरतं आणि जाड तारांचा ताण त्याला सोसत नाही. पहिलं वाद्य म्हणून नको.

वरची फळी अखंड स्प्रूसची, म्हणजे त्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, असेल तर उत्तम. प्लायवूडची फळी दमट हवेत टिकते, पण आवाज जरा कोंदट येतो. पाठ आणि कडा प्लायवूडच्या असल्या तरी चालतील.

या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे तारांची उंची. आठ तारा, चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकाच बोटाने दाबायची. बाराव्या पडद्यापाशी, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, तारा दोन मिलिमीटरहून फार वर असतील, तर नवशिक्याची बोटं सोलवटतात आणि वाद्य कोपऱ्यात जातं. बऱ्याच मॅन्डोलिनांच्या घोडीला, म्हणजे फळीवर तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी आधाराला, उंची कमी-जास्त करायची चाकं असतात. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर राहते, म्हणून ती सरकलेली असू शकते. मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. दुसरा सूर नेमका वरच्या सप्तकातला यायला हवा. तसा येत नसेल तर आधी जाणकाराकडून घोडी बसवून घ्या आणि मगच वाद्य घरी न्या.