लाकडाचं आच्छादन: भुसा, छिलका की ढलप्या? आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यात घरामागे आमची अर्ध्या गुंठ्याची बाग आहे. जमीन मुरमाड, पाणी धरून ठेवत नाही. ओल टिकावी म्हणून मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन मी वर्षानुवर्षं करत आले, पण ते दीड-दोन महिन्यांत विरून जायचं. म्हणून या फेब्रुवारीत लाकडाकडे वळले. तीन वाफे, तीन प्रकार: वखारीतला करवतीचा भुसा, सुताराकडचा रंध्याचा छिलका आणि झाडं छाटणाऱ्यांकडून आणलेल्या ढलप्या, साल-पानांसकट. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाले.

भुशाचं आधी सांगते, कारण तोच सगळ्यात सहज मिळतो. वांग्याच्या वाफ्यात दोन इंचांचा थर दिला. पंधरा दिवसांत त्यावर पापुद्रा धरला. झारीने घातलेलं पाणी वरूनच घरंगळून कडेला जायचं. बोट खुपसलं तर खाली माती कोरडी. पापुद्रा फोडायला खुरपं चालवलं, भुसा मातीत मिसळला आणि तीन आठवड्यांत वांग्याची खालची पानं पिवळी पडली. भुशात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) नावापुरतं. तो मातीत गेला की कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र वापरतात आणि झाड उपाशी राहतं. वर पसरलेला असेल तर हा त्रास वरच्या पातळ थरापुरताच राहतो. शेणखत आणि दोनदा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) दिल्यावर नवी पालवी हिरवी आली, पण पहिला बहर हातचा गेला.

वखारीत भुसा कशाचा, हे आवर्जून विचारा. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेले तक्ते) यांचा पिठासारखा भुसा डिंक-रसायनांसकट येतो. तो किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा माल भाजीच्या वाफ्यात नकोच.

मोगऱ्याखाली घातलेला छिलका दिसायला फार छान. पण वळवाच्या पहिल्याच पावसात अर्धा वाऱ्याने उडाला, उरलेला तरंगत जाऊन नाल्याच्या जाळीला चिकटला. कुंड्यांत मात्र काठ असल्यामुळे तो टिकला, तिथे अजूनही वापरते.

मन जिंकलं ते ढलप्यांनी. जास्वंदीखाली तीन इंच घातल्या आणि मे महिन्यात रोजचं पाणी चौथ्या दिवसावर आलं. एकदा भर दुपारी थर बाजूला सारून हात घातला. माती गार होती, मुठीत धरली की गोळा व्हायची आणि बोटांना चिकटत नव्हती. वाफसा म्हणतात तो हाच. ऑगस्टमध्ये ढलप्या उचलल्या तर खालून पांढऱ्या बुरशीची जाळी आणि गांडुळं. ही बुरशी लाकूड कुजवणारी, झाडाला तिचा त्रास नाही. तण खूपच कमी झालं. लव्हाळा तेवढा थर भेदून वर आला. पावसाळ्यात गोगलगायी खाली दडतात, त्या संध्याकाळी वेचाव्या लागल्या.

दोन चुका माझ्या हातून झाल्या. उरलेल्या ओल्या ढलप्या प्लास्टिकच्या गोणीत बांधून ठेवल्या. महिन्याने तोंड सोडलं तर व्हिनेगरसारखा आंबट वास. तशाच मिरचीभोवती पसरल्या आणि दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. हवा न मिळाल्याने त्या आंबल्या होत्या. आता ताडपत्रीवर पसरून वर-खाली करते आणि वास मातीसारखा आला की मगच वापरते.

दुसरी चूक लिंबाची, आणि तिची हळहळ अजून आहे. ढलप्या खोडाला टेकवून लावल्या होत्या. जुलैत बुंध्याजवळ साल ओलसर, काळपट दिसली आणि मधाच्या रंगाचा डिंक ओघळत होता. डिंक्या रोग. बारा वर्षांचं झाड. ढलप्या हटवल्या, कुजलेली साल चाकूने खरवडली, मोरचूद, चुना आणि पाणी यांची 1:1:10 प्रमाणाची बोर्डो पेस्ट लावली. झाड तगलं आहे, पण एक फांदी काढावी लागली. कुठलंही आच्छादन असो, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

10 बाय 10 फुटांवर 3 इंचांचा थर द्यायला 25 घनफूट माल लागतो, धान्याच्या मोठ्या गोणीने नऊ-दहा गोण्या. माझा तीन इंचांचा थर आता दीड इंचावर आलाय. दिवाळीनंतर त्यावरच नवा देणार आहे. भाजीच्या वाफ्यात पुन्हा पालापाचोळाच घालेन, आणि उरलेला भुसा कंपोस्टच्या ड्रमात, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर मूठभर.