आधी शब्दार्थ की आधी वाचन?

सहावीला मराठी शिकवणाऱ्याला जूनमध्येच ठरवावं लागतं, की तासाची 35 मिनिटं कशाला द्यायची. फळ्यावर शब्दार्थ लिहून देऊन धडा सुरू करायचा, की एकच उतारा मुलांकडून मोठ्याने, पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचा? मुंबईत एकाच बाकावर घरी मालवणी बोलणारी मुलगी आणि भोजपुरी बोलणारा मुलगा बसतो. 2020च्या कायद्याने सगळ्या माध्यमांत मराठी सक्तीची झाल्यापासून इंग्रजी शाळांतले शिक्षकही हेच विचारतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

शब्दार्थ सोयीचे. वही भरते, पालकांना काम दिसतं, परीक्षेत गुण पडतात. पण सुटा पाठ केलेला शब्द वाक्यात ओळखू येत नाही. ‘माळ म्हणजे उघडी, ओसाड जमीन’ असं मी लिहून दिलं होतं. धड्यात आलं ‘गुरं माळावर गेली’, आणि एका मुलाने ती पोटमाळ्यावर चढवली. वर्ग हसला, चूक त्याची नव्हती. त्याला माळ माहीत होती ती गळ्यातली, आणि माळा घरातला. ‘तो माळ, ती माळ’ आणि ‘माळ–माळावर, माळा–माळ्यावर’ हे मी सांगायला हवं होतं. मराठीत शब्द रूप बदलून, प्रत्यय लावून समोर येतो. शब्दार्थाच्या यादीत तो मूळ रूपात असतो.

म्हणून एका धड्याला चार-पाचच शब्द घ्यावेत, पण लिंगासह, दोन-तीन रूपांत, मुलांच्या स्वतःच्या वाक्यांत. ‘मोट’ चित्र दाखवून सोडून द्यावी. ‘संकोच’, ‘नाइलाज’ यांवर थांबावं, कारण ते पुढच्या कितीतरी गोष्टींत भेटणार असतात.

वाचनाचं काम कष्टाचं आणि गोंगाटाचं. 80-100 शब्दांचा उतारा घ्यायचा. आधी शिक्षकाने वाचायचा, मग सगळ्यांनी मिळून, मग जोडीजोडीने, आणि तीन-चार दिवस तोच. अडखळणाऱ्या मुलाचं सगळं बळ ‘शेजाऱ्यांच्या’ हा शब्द फोडण्यात जातं. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात त्याच्या हातून निसटलेली असते. चौथ्या दिवशी तो शब्द सहज येतो, तेव्हा गोष्टीकडे लक्ष जातं. शिवाय ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहायला एकच, उच्चार मात्र वेगळा. घरी मराठी नसलेल्या मुलाला तो कानानेच मिळतो. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 साली इंग्रजी वाचनावरचे प्रयोग तपासले, तेव्हा मार्गदर्शनाखाली मोठ्याने केलेल्या पुनर्वाचनाला आधार सापडला; नुसत्या मूक वाचनाने ओघ सुधारतो असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. घड्याळ लावून शर्यत मात्र करू नये. मुलं विराम गिळतात आणि अर्थही.

निवड मुलागणिक करावी, आणि त्यासाठी पाच मिनिटं पुरतात. न वाचलेल्या गोष्टीचा निम्मा भाग मुलाला वाचू द्या, निम्मा तुम्ही वाचून दाखवा. दोन्हींवर ‘काय झालं?’ आणि ‘तो असं का वागला?’ हे विचारा. ‘कोण’, ‘कुठे’ची उत्तरं मुलं ओळीतून उचलतात, ‘का’चं उत्तर तसं उचलता येत नाही. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, त्याला उताऱ्याचं वाचन द्या. ऐकूनही कळत नाही, तो कितीही सफाईने वाचत असला तरी त्याला शब्द आणि गप्पा हव्यात. दोन्ही कळतं, त्याला अडवून ठेवू नका. 1971पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, ते द्या.

साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नसेल आणि एकच निवडायचं असेल, तर मी दिवाळीपर्यंत वाचन घेईन. दुसऱ्या सत्रात निम्मा तास शब्दांना देईन, तोही त्याच उताऱ्यांतल्या.