दहा महिन्यांनंतर: नगरपालिकेच्या बालसेवा आणि त्यांतील सुरक्षितता

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेले दहा महिने ती आमच्या नगरपालिकेच्या एकाच संकुलातील तीन सेवा वापरत आहे: ग्रंथालयाचा बालविभाग, तरण तलावावरचा पोहण्याचा वर्ग आणि सुट्टीतील पंधरा दिवसांचे शिबिर. याखेरीज शनिवारच्या वाचनतासाला मी स्वतः स्वयंसेवक म्हणून जाते, त्यामुळे ही व्यवस्था मला काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहता आली. पुस्तकांचा साठा किंवा तलावाची स्वच्छता हा या लेखाचा विषय नाही. मूल दारात सोडून मी निघून गेल्यानंतर त्याची काळजी कशी घेतली जाते, आणि ती काळजी एखाद्या सज्जन कर्मचाऱ्याच्या स्वभावावर उभी आहे की नियमावर, एवढेच मला येथे लिहायचे आहे. पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास आज मी साडेतीन देईन. पहिल्या तीन महिन्यांत दोनच दिले असते.

नोंदणीचा अर्ज सहा पानांचा होता. मुलीला न्यायला कोण येऊ शकेल त्यांची नावे व छायाचित्रे, ॲलर्जी, डॉक्टरांचा दूरध्वनी, मुलाच्या ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत, हे सारे अपेक्षितच होते. छायाचित्रे काढण्याच्या संमतीसाठी मात्र तीन वेगळे रकाने होते: कार्यालयीन नोंदीसाठी, छापील पत्रकासाठी आणि समाजमाध्यमांसाठी. मी सवयीने तिन्ही ठिकाणी खूण करून अर्ज पुढे सरकवला. लिपिकबाईंनी तो परत केला आणि विचारले, "ताई, तिसरा रकाना वाचून खूण केलीत ना? एकदा बाहेर गेलेला फोटो आम्हालाही परत आणता येत नाही." मी ती खूण खोडली. या संकुलाविषयी माझे पहिले चांगले मत त्या क्षणी झाले.

स्वयंसेवक होण्यासाठी सात आठवडे लागले. पोलिसांकडील पडताळणी, ओळखीचे दोन कागद आणि ज्यांचा माझ्याशी नातेसंबंध नाही अशा दोन व्यक्तींचे अभिप्राय त्यांनी मागितले, आणि त्या दोघांना खरोखर दूरध्वनी केला. त्यांतील एका मैत्रिणीने नंतर हसत सांगितले की शेवटचा प्रश्न होता, "यांच्याकडे तुमचे स्वतःचे मूल सोपवाल का, आणि कशावरून?" शनिवारी तासभर गोष्टी वाचून दाखवणाऱ्या बाईसाठी एवढा खटाटोप कशाला, असे तेव्हा मला वाटले होते. पुढे थोडे वाचल्यावर तो सूर उतरला. २००२ मध्ये इंग्लंडमधील सोहॅम येथे दोन मुलींची हत्या करणारा माणूस एका शाळेत केअरटेकर म्हणून नेमला गेला होता. दुसऱ्या भागात राहत असताना त्याच्यावर पूर्वी आरोप झाले होते, पण नेमणुकीच्या वेळच्या पडताळणीत ते पुढे आलेच नाहीत. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सर मायकेल बिचर्ड यांच्या जून २००४ च्या अहवालानंतर त्या देशातील पडताळणीची पद्धत नव्याने आखली गेली आणि डिसेंबर २०१२ पासून ते काम डिस्क्लोजर अँड बॅरिंग सर्व्हिस ही यंत्रणा पाहते. तरीही प्रमाणपत्राची मर्यादा आमच्या बालसंरक्षण अधिकाऱ्यांनीच स्पष्ट सांगितली: जे नोंदले गेले तेवढेच त्यात दिसते. म्हणून पडताळणी झालेल्या माणसालाही एका मुलाबरोबर बंद दाराआड बसण्याची मुभा येथे नाही. वाचनकक्षाच्या दाराला काच आहे आणि त्या काचेवर कोणतेही भित्तिपत्रक लावायचे नाही, असा लेखी नियम आहे. मी एकदा हौसेने मुलांची चित्रे तेथे चिकटवली होती. दहा मिनिटांत ती काढायला लावली.

पडताळणीपेक्षा तीन तासांच्या प्रशिक्षणाचा उपयोग मला अधिक झाला. मुलाने एखादी गंभीर गोष्ट सांगितली तर आपण त्याला धीर द्यावा, सगळे नीट विचारून घ्यावे आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन द्यावे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तिन्हींपैकी फक्त पहिली गोष्ट बरोबर निघाली. ऐकायचे, पण खोदून विचारायचे नाही, कारण आपल्या प्रश्नांतले शब्द मुलाच्या उत्तरात शिरतात आणि पुढील चौकशीत नेमके तेच अडचणीचे ठरते. गुप्ततेचे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, आपल्या भाषेत न सुधारता, त्याच दिवशी लिहून काढायचे आणि अधिकाऱ्यांकडे द्यायचे. खरे-खोटे ठरवणे हे स्वयंसेवकाचे काम नाही, हे वाक्य त्या तीन तासांत किमान चार वेळा उच्चारले गेले. ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांविषयी २०१३ ते २०१७ या काळात रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, चौकशी केली आणि आठ हजारांहून अधिक व्यक्तींना खासगीत ऐकले. आपल्यावरील अत्याचार पहिल्यांदा कोणाला सांगायला त्यांना सरासरी २३.९ वर्षे लागली होती. हा आकडा ऐकल्यानंतर आमच्या वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. सातवीतल्या मुलाने आज न सांगितलेली गोष्ट त्याला स्वतःची मुले झाल्यावर बाहेर येऊ शकते.

मुलाला परत सोपवण्याची पद्धत कडक आहे आणि तिचा फटका मलाही बसला. एका संध्याकाळी मी चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले. बालविभाग बंद झाला होता, दिवे मात्र चालू होते, आणि माझी मुलगी एका टेबलाशी चित्र काढत बसली होती. तिच्यासोबत ग्रंथपाल होत्याच, शिवाय पहारेकरीही थांबला होता, कारण शेवटच्या मुलाबरोबर एकच प्रौढ व्यक्ती राहू नये असा नियम आहे. माझ्या उशिरामुळे दोन माणसांचे घरी जाणे लांबले. त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही, पण नोंदवहीत वेळ लिहून माझी सही घेतली. त्याच महिन्यात पुन्हा असे घडले तर अधिकारी पालकांशी बोलतात, असेही शांतपणे सांगितले. मला ते लागले. पण वारंवार विसरले जाणारे मूल ही देखील एक खूण असते आणि ती कोणीतरी मोजत असायला हवी, हे नाकारता येत नाही.

आता ज्यामुळे सुरुवातीला मी दोनच गुण दिले असते, ती गोष्ट. ग्रंथालय आणि तरण तलाव यांच्यामध्ये एक आवार आहे, फार तर दोनशे पावलांचे. ग्रंथालय नगरपालिकेचे कर्मचारी चालवतात, तलाव ठेकेदाराकडे आहे. मुलगी साडेचार वाजता ग्रंथालयातून निघते आणि पाच वाजता तिचा पोहण्याचा वर्ग सुरू होतो. दुसऱ्या महिन्यात सहज म्हणून मी दोन्ही नोंदवह्या पाहिल्या. ग्रंथालयात "४.३० बाहेर" आणि तलावावर "४.५२ आत". मधली बावीस मिनिटे कोणाच्याही वहीत नव्हती. मुलीला विचारले तर ती पंपघराच्या मागे मांजरीची पिल्ले पाहत होती. काही वाईट घडले नव्हते. पण त्या बावीस मिनिटांत तिची जबाबदारी कोणाची, हे विचारायला गेले तेव्हा ग्रंथालयाने तलावाकडे बोट दाखवले, तलावाने ग्रंथालयाकडे, आणि मुख्य कार्यालयातून उत्तर आले की आवार उद्यान विभागाकडे येते.

या उत्तरात कोणीही खोटे बोलत नव्हते, आणि हेच मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले. इंग्लंडमध्ये २००० साली एका आठ वर्षांच्या मुलीचा घरातील छळाने मृत्यू झाला. लॉर्ड लॅमिंग यांनी २००३ मध्ये दिलेल्या चौकशी अहवालात असे बारा प्रसंग दाखवले आहेत, जेव्हा वेगवेगळ्या सेवांना हस्तक्षेप करता आला असता. मूल कोणाला दिसलेच नाही, असे नव्हते. अनेकांना ते दिसले होते, पण प्रत्येकाने आपल्या वहीपुरते पाहिले. त्यानंतर आलेल्या २००४ च्या बालक कायद्याच्या कलम ११ ने तेथील स्थानिक प्राधिकरणांवर आपले प्रत्येक काम मुलांच्या सुरक्षिततेचे भान ठेवून करण्याचे बंधन घातले, आणि ते काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी हे बंधन सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही, मुलांची काळजी घेणाऱ्या सेवांनी कर्मचाऱ्यांची संख्या, त्यांची योग्यता आणि त्यांच्यावरील देखरेख यांबाबत ठरलेली मानके पाळावीत, अशी अपेक्षा तिसऱ्या अनुच्छेदात आहे. सेवा ठेक्याने दिली म्हणून जबाबदारी ठेक्याने देता येत नाही, एवढाच याचा साधा अर्थ. मी तोच मुद्दा लेखी दिला, दोन्ही नोंदवह्यांतील वेळा जोडल्या आणि पोच घेतली. बदल व्हायला तीन महिने लागले. आता साडेचार वाजता एक कर्मचारी मुलांना रांगेने तलावापर्यंत नेतो, आणि तलावावरील सही झाल्याशिवाय ग्रंथालयाच्या वहीतील नोंद पूर्ण मानली जात नाही. एवढ्या साध्या तोडग्याला तीन महिने का लागले, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

शिबिरात मुलांनाच संकुलाची पाहणी करायला सांगितले होते, आणि त्यातून जे निघाले ते आम्हा पालकांच्या कल्पनेत नव्हते. आमची सर्व भीती अनोळखी माणसांभोवती फिरत होती. मुलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर कपडे बदलण्याच्या खोल्यांकडे जाणारी अंधारी बोळ होती आणि दुसऱ्या क्रमांकावर त्या बोळीत लहानांची वाट अडवणारी मोठी मुले. तक्रारपेटीविषयी तर एका मुलाने थेट सांगितले की ती काउंटरसमोर असल्यामुळे चिठ्ठी कोण टाकते ते सगळ्यांना दिसते. ती पेटी आता चपलांच्या मांडणीजवळ, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आहे, बोळीत दिवे लागले आहेत आणि सूचनाफलकावरील "सक्षम अधिकाऱ्याकडे तक्रार दाखल करावी" या वाक्याच्या जागी "काही आवडले नाही किंवा भीती वाटली तर यांना सांगा" असे लिहून खाली अधिकाऱ्यांचा फोटो लावला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच बालहक्क करारातील बाराव्या अनुच्छेदाने मुलांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. त्याचा कार्यालयीन अर्थ बहुधा एखादी सभा आणि त्यातील छायाचित्रे असा होतो. येथे निदान पेटीची जागा हलली.

शिबिराच्या गाडीविषयी थोडक्यात. चालकाची पडताळणी झाली होती आणि गाडीत एक सहायक होती. हे अतिरेकी वाटणाऱ्यांसाठी सांगते की इंग्लंडमधील रॉदरहॅम येथे १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज तेथील चौकशी करणाऱ्या ॲलेक्सिस जे यांनी ऑगस्ट २०१४ मधील अहवालात मांडला, आणि त्यात टॅक्सीचालकांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. टॅक्सीचा परवाना देणे हे तेथे स्थानिक परिषदेचेच काम आहे.

तक्रार हाताळण्याचा अनुभव संमिश्र आहे. पोहण्याचे एक प्रशिक्षक घाबरलेल्या मुलांना सर्वांसमोर टोचून बोलत असत. हा गुन्हा नव्हे, पण वागणूक चुकीची होती, म्हणून सहाव्या महिन्यात मी लेखी तक्रार केली. पोच त्याच दिवशी मिळाली, माझे म्हणणे दोन दिवसांत ऐकून घेतले गेले आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या वर्गावर दुसरे प्रशिक्षक दिले गेले. येथपर्यंत उत्तम. त्यानंतर पाच आठवडे पूर्ण शांतता होती आणि शेवटी दोन ओळींचे पत्र आले की योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे. कर्मचाऱ्याविषयीचा तपशील गोपनीय असतो, हे मला मान्य आहे. पण कार्यवाही कोणती हे न सांगताही, चौकशी कोणत्या टप्प्यावर आहे हे तरी पालकाला दर आठवड्याला कळवता येते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात कर्मचाऱ्याने मुलांशी नोंदयोग्य, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेले, गैरवर्तन केल्याचा आरोप कळल्यापासून तीन कामकाजी दिवसांत संस्थाप्रमुखाने स्वतंत्र यंत्रणेला कळवावे, असा नियम आहे. आमच्याकडे तक्रार ज्या कार्यालयाविरुद्ध, निर्णयही त्याच कार्यालयाचा. माझ्या मते या व्यवस्थेतील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव माणसांची आहे. ऑस्ट्रेलियातील त्याच रॉयल कमिशनने स्थानिक शासनांनी बालसुरक्षा अधिकारी हे पद निश्चित करावे अशी शिफारस केली आहे. आमच्याकडे ते पद आहे, बाई कामाला चोख आहेत, परंतु त्यांच्याकडे क्रीडा विभागाचाही कार्यभार आहे. त्या रजेवर असताना भिंतीवर त्यांचाच फोटो, फलकावर त्यांचाच क्रमांक आणि पलीकडे दूरध्वनी उचलणारे कोणी नाही, असे मी दोनदा पाहिले. पर्यायी नाव लिहिण्यासाठी फलकावर पुरेशी जागा आहे. कपडे बदलण्याच्या खोल्यांत मोबाइलला बंदी आहे, तिचीही गत अशीच: पाटी ठळक आहे, पण सकाळच्या पाळीत तिच्याखाली उभे राहून बोलणारे प्रौढ मला आजही दिसतात.

तलावाचा ठेका पुढील महिन्यात बदलणार आहे. नव्या ठेकेदाराच्या कर्मचाऱ्यांची पडताळणी ते रुजू होण्यापूर्वी पूर्ण होईल की नंतर, आणि साडेचार वाजताची रांग नव्या करारात लिहिली आहे की केवळ जुन्या माणसांच्या सवयीत आहे, हे दोन प्रश्न मी मागील सोमवारी लेखी विचारले आहेत. पोच मिळाली आहे. उत्तर आले की ते येथे जोडीन आणि गुण त्यानुसार बदलीन.