८५३० आणि ८५३१ : डब्ल्यूससच्या दोन पोर्टांचा परीक्षण-अहवाल

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच, म्हणजे विंडोजमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या फाइली, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतल्या सकाळी निघतात, म्हणजे आपल्याकडे तेव्हा रात्र असते. दुसऱ्या दिवशी बुधवारी सकाळी कार्यालय उघडले की सगळे संगणक एकदम जागे होतात आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे तीच फाइल इंटरनेटवरून ओढू लागतो. तीन इमारतींत मिळून जेमतेम दीडशे संगणक असलेल्या आमच्या संस्थेत त्या बुधवारी साधी ईमेलसुद्धा रडतरखडत जात असे. एकाच सर्व्हरने पॅच एकदा उतरवावेत आणि आम्ही मंजूर केल्यावर आतल्या आत वाटावेत, या हेतूने आम्ही विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस, अर्थात डब्ल्यूसस, वापरायला घेतले. ते बसवणे हे एका दुपारचे काम आहे. पोर्टांची, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकांच्या दारांवर संपर्क स्वीकारतो त्यांची, घडी नीट बसायला मात्र आम्हाला तीन आठवडे लागले, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या पोर्टांविषयीच आहे.

या उत्पादनाला वेगळी किंमत नाही. विंडोज सर्व्हरमध्येच तो एक रोल (चालू-बंद करता येणारे कार्य) म्हणून मिळतो, मात्र साठवणुकीसाठी डिस्क सढळ हाताने द्यावी लागते. विंडोज सर्व्हर २०१२पासून त्याचे मूळ पोर्ट ८५३० (एचटीटीपी, म्हणजे उघडी देवाणघेवाण) आणि ८५३१ (एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध देवाणघेवाण) असे आहेत, तर त्याआधीच्या आवृत्त्या सहसा ८० आणि ४४३ वर चालत. इंटरनेटवर आजही सापडणारे जुने लेख ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, नुसते सर्व्हरचे नाव लिहायला सांगतात. पोर्ट लिहिला नाही, तर संगणक निमूटपणे ८० वर जाऊन दार ठोठावतो, तिथे कोणीच नसते, आणि सर्व्हरच्या यादीत तो संगणक कधी उगवतच नाही. हा पत्ता एकाच पॉलिसीतल्या दोन चौकटींत लिहावा लागतो, एक अपडेट शोधण्यासाठी आणि दुसरी अहवाल पाठवण्यासाठी. मी स्वतः पहिल्या चौकटीत पोर्ट लिहून दुसरीत विसरलो होतो, हे इथे कबूल करतो.

फायरवॉलचे नियम लिहिताना सर्वांत मोठा गोंधळ दिशेचा होतो. सर्व्हर संगणकांकडे पॅच ‘ढकलतो’ अशी बहुतेकांची समजूत असते आणि त्यापायी प्रत्येक संगणकावर आत येणारा ८५३० उघडून ठेवला जातो, ज्याची काहीही गरज नसते. संपर्काची सुरुवात नेहमी संगणक करतो. सर्व्हर फक्त ऐकतो. म्हणून संगणकांकडून सर्व्हरकडे जाणारे ८५३० व ८५३१ एवढेच आतले नियम पुरतात. सर्व्हरकडून बाहेर मायक्रोसॉफ्टकडे ४४३ आणि ८० मोकळे हवेत. बाहेरून आत येणारे एकही दार लागत नाही. बाहेरचा नियम आयपी पत्त्यांवर बांधू नये, तो डोमेनच्या नावांवर बांधावा, कारण ते पत्ते बदलत राहतात. शाखेत दुसरा डब्ल्यूसस सर्व्हर ठेवला असेल, तर तोही मुख्य सर्व्हरकडे याच दोन पोर्टांनी येतो.

आता या उत्पादनाच्या सर्वांत चकवणाऱ्या वैशिष्ट्याकडे वळतो. डब्ल्यूससवर एसएसएल, म्हणजे कूटबद्ध संपर्क, चालू केल्यानंतरही एचटीटीपीचा पोर्ट बंद करता येत नाही. अपडेटची माहिती, म्हणजे कोणता पॅच, कोणासाठी, त्याची ओळखखूण काय, ही ८५३१ वरून कूटबद्ध होऊन येते, पण प्रत्यक्ष फाइल ८५३० वरून उघड्या एचटीटीपीनेच उतरते. दोन आकड्यांतले नातेही ठरलेले आहे : एचटीटीपीएस ४४३ वर असेल तर एचटीटीपी ८० वर असावे लागते, अन्यथा एचटीटीपीएसच्या पोर्टपेक्षा एकाने कमी. आम्ही आमच्या एका शाखेचे नेटवर्क सांभाळणाऱ्या कंत्राटदाराला ‘एसएसएल चालू केले आहे’ असे कळवले आणि त्याने तत्परतेने ८५३१ उघडून ८५३० बंद केला. तिथल्या संगणकांना अपडेटची यादी व्यवस्थित दिसे, अहवालही येत, पण डाउनलोड शून्य टक्क्यांवर थिजलेले असे. दोष त्याला देता येणार नाही, कारण आमचे पत्रच अपुरे होते. आणि ‘एसएसएल’ या शब्दावरून कोणाही समंजस माणसाने हाच निष्कर्ष काढला असता.

ही रचना वाटते तितकी ढिसाळ नाही. फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) कूटबद्ध मार्गाने आलेल्या माहितीशी ताडून पाहिला जातो, त्यामुळे वाटेत कोणी फाइल बदलली तर ती नाकारली जाते. उलट ती माहितीच उघड्या मार्गाने येऊ दिली तर काय होते, हे २०१५च्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत संशोधकांनी दाखवले होते : नेटवर्कवर मध्येच बसलेला हल्लेखोर खोट्या अपडेटची माहिती घुसवून मायक्रोसॉफ्टचीच सही असलेला एखादा प्रोग्राम आपल्याला हव्या त्या आज्ञेसह चालवून घेऊ शकतो. तेव्हा नुसत्या ८५३० वर समाधान मानणाऱ्यांनी एसएसएलचा खटाटोप करावाच. त्यासाठी आयआयएसमधल्या, म्हणजे डब्ल्यूसस ज्यावर चालते त्या विंडोजच्या वेबसर्व्हरमधल्या, ठरावीक पाच उपनिर्देशिकांवरच एसएसएल सक्तीचे करावे लागते. सरसकट संपूर्ण साइटवर केले तर फाइलवाटप कोलमडते. शिवाय ग्रुप पॉलिसीतले सर्व्हरचे नाव प्रमाणपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळावे लागते.

पोर्टाच्या माथी मारला जाणारा, पण पोर्टाचा नसलेला एक आजारही नोंदवतो. टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा ८५३० उघडा असल्याचे सांगते, तरी संगणकांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) ही चूक मिळते. याचे नेहमीचे कारण आयआयएसमधला डब्ल्यूससपूल (डब्ल्यूससचे काम चालवणारा भाग) स्मृतीची मर्यादा ओलांडून थांबलेला असणे हे आहे. ती मर्यादा मुळात सुमारे १.८ जीबी इतकी तोकडी ठेवलेली आहे. पोर्टवर ऐकणारा विंडोजचा गाभा जागाच असतो, म्हणून चाचणी उत्तीर्ण होते. मर्यादा वाढवावी, फायरवॉलवाल्याला फोन करू नये.

ऑक्टोबर २०२५मध्ये या दोन पोर्टांना अचानक निराळेच महत्त्व आले. डब्ल्यूससमध्ये सीव्हीई-२०२५-५९२८७ ही १० पैकी ९.८ गुणांची अतिगंभीर त्रुटी सापडली, जिच्यामुळे कोणताही पासवर्ड नसताना दूरवरून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबरला वेळापत्रकाबाहेर पॅच काढला आणि तो बसेपर्यंत रोल बंद ठेवा किंवा ८५३० व ८५३१ वर आत येणारी रहदारी सर्व्हरच्याच फायरवॉलवर अडवा, असे सुचवले. पॅच वाटणाऱ्यालाच तातडीचा पॅच लागावा, यातला विनोद त्या आठवड्यात आम्हाला सुचला नाही. आमचे पोर्ट आतल्या ठरावीक आयपी पट्ट्यांपुरतेच उघडे असल्याने आम्ही पॅच बसवेपर्यंत दोन रात्री रोल बंद ठेवला आणि काम भागले. ज्यांनी ते इंटरनेटवर उघडे ठेवले होते, त्यांच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष हल्ले झाले.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४मध्येच डब्ल्यूससचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले आहे, जरी विंडोज सर्व्हर २०२५मध्ये हा रोल अजून मिळतो. त्यामुळे ज्यांचे संगणक एका छताखाली आहेत आणि इंटरनेटची जोडणी मर्यादित आहे, अशा शाळा, पतसंस्था आणि लहान कारखान्यांना मी तो आजही सुचवेन. ज्यांचे कर्मचारी लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरतात, त्यांना मुळीच नाही. पाचपैकी साडेतीन गुण देतो. कापलेल्या दीड गुणातला पूर्ण एक एसएसएल चालू करूनही ८५३० उघडा ठेवावा लागतो हे सेटअपच्या पडद्यावर कुठेही न सांगितल्याबद्दल आहे.